पात्र, अपात्र आणि आजारी

महाराष्ट्र शासनाच्या दप्तरात शेतकऱ्याच्या आत्महत्येला दोनच विशेषणे लागतात: पात्र आणि अपात्र. डिसेंबर २००५ व जानेवारी २००६ मधील शासननिर्णयांनी घालून दिलेली ही रीत आजही चालू आहे. घटना घडली की तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा कागद आणि कर्जाचा दाखला जमा होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती तो तपासते. शेती मृताच्या वा कुटुंबीयाच्या नावावर होती काय? कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचेच होते काय? ते थकले होते आणि वसुलीचा तगादा लागला होता काय? सर्व उत्तरे होकारार्थी आली तर घर 'पात्र' ठरते आणि त्याला १ लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीच्या रूपाने. वीस वर्षांत रुपयाचे मोल किती घसरले हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. १ लाखाचा आकडा मात्र जागचा हललेला नाही.

परंतु या लेखाचा विषय रकमेचा तुटपुंजेपणा नव्हे. 'अपात्र' या शिक्क्यामागे जी कारणे वर्षानुवर्षे लिहिली जातात त्यांतील दोन विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. एक, 'मृत व्यक्तीस दारूचे व्यसन होते'. दुसरे, 'मृत व्यक्ती मनोरुग्ण होती'. ही दोन वाक्ये कागदावर आली की समितीचे काम हलके होते. माणूस दारूने मेला, डोक्यावर परिणाम झाल्याने मेला. मग शेतीमालाच्या भावाचा, पाण्याचा, पीकविम्याचा आणि पतपुरवठ्याचा त्याच्याशी संबंध काय? आजार ही अशा रीतीने शासनाची पळवाट झाली आहे. जगात अन्यत्र आजार सिद्ध झाला की मदत मिळते. आमच्याकडे आजार सिद्ध झाला की मदत नाकारली जाते.

शासनाच्या या युक्तिवादाला चळवळीकडून जे उत्तर दिले जाते तेही तपासून पाहिले पाहिजे. कार्यकर्ते त्या घरी जातात, कागद गोळा करतात, तहसीलवर मोर्चा नेतात आणि त्वेषाने सांगतात, 'तो दारू पीत नव्हता. त्याचे डोके ठिकाणावर होते. त्याला फक्त कर्जाने मारले.' या उत्तरामागील कळकळ मी जाणतो. मदत पदरात पडावी म्हणून विधवेलाही हेच बोलावे लागते. परंतु या उत्तराने आपण शासनाचे गृहीतकच मान्य करतो, हे ध्यानात येत नाही. आजार आणि कर्ज ही दोन वेगळी, एकमेकांना वगळणारी कारणे आहेत, एक असेल तर दुसरे नसणार, हे ते गृहीतक होय. शासन आजार दाखवून कर्ज पुसते. आपण कर्ज दाखवून आजार पुसतो. दोन्हीकडून पुसला जातो तो माणूस. आणि जो अजून जिवंत आहे, ज्याला रात्र रात्र झोप नाही, जो चार दिवसांपासून जेवणाच्या ताटावरून उठून जातो आहे, त्याच्यापर्यंत कोणीच पोहोचत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: हे गृहीतक खोटे आहे. मानवी शरीराची रचना पाहिली तरी ते खोटे ठरते, अर्थशास्त्राच्या कसोटीवरही ते खोटे ठरते आणि देशाच्या कायद्यालाही ते मान्य नाही.

प्रथम शरीर पाहू. मन म्हणून जे काही आहे ते मेंदूच्या आधाराने चालते, आणि मेंदू हा हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांच्यासारखाच रक्तामांसाचा अवयव आहे. संकट समोर आले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलीन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. नाडी जलद होते, साखर वाढते, झोप उडते, पचन मंदावते. साप दिसला तर हे सारे उपकारक असते, कारण साप जातो आणि शरीर पूर्वपदावर येते. पण बँकेची नोटीस सापासारखी निघून जात नाही. भूम-परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यासमोरचे संकट जूनपासून पुढच्या जूनपर्यंत उभे असते. संप्रेरकांचा पहारा उठतच नाही. झोप मोडते, पहाटे तीन-चारला जाग येते ती पुन्हा लागत नाही, भूक मरते, अंग दुखते, कशातच रस वाटत नाही, विचार एकाच खड्ड्यात फिरत राहतो आणि 'सगळ्यांच्या दुःखाला मीच कारण' ही भावना घर करते. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि रोजचे काम होईनासे झाले, तर वैद्यक तिला नैराश्याचा आजार म्हणते. छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणे, सतत काहीतरी वाईट घडणार ही धास्ती, हा त्याचाच शेजारी, चिंताविकार.

सर्वच नैराश्य परिस्थितीतून येते असे नाही. घराण्यातून येणारा कल असतो, थायरॉइडच्या बिघाडासारखे दुसरे आजार असतात, बाळंतपणानंतरचे नैराश्य असते. म्हणूनच सुखवस्तू घरातही ते आढळते. पण क्षयाचे जंतू श्रीमंताच्या फुप्फुसातही जाऊ शकतात म्हणून क्षय हा दारिद्र्याचा रोग नाही असे कोणी म्हणत नाही. नैराश्याबाबतही तोच न्याय लावला पाहिजे. ते बरे होते, हेही लोकांना ठाऊक नसते. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, हे कोणी न सांगितल्याने माणूस पाचव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून त्या टाकून देतो. 'या गोळ्यांची सवय लागते' ही दुसरी समजूत. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही; ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवायची असतात, एवढेच.

आता दारू. व्यसनाला आपला समाज दुर्गुण मानतो, शासन अपात्रता मानते. शरीर काय म्हणते? मेंदूत पेशींना शांत करणारी एक रासायनिक यंत्रणा असते आणि चेतवणारी दुसरी. दारू पहिलीला बळ देते, दुसरीला दाबते. म्हणून सायंकाळी पहिल्या घोटात थरथरणारा जीव निवतो. पण मेंदू तोल राखणारा अवयव आहे. रोज बाहेरून शांतता मिळू लागली की तो आतली शांतता कमी करतो आणि चेतना वाढवतो. मग तेवढ्याच निवांतपणासाठी अधिक दारू लागते, आणि ती मिळाली नाही तर हात कापतात, घाम फुटतो, झोप येत नाही. ऊसतोड कामगाराला 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दारू ही उद्याच्या शांततेवर आज घेतलेली उचल आहे. ती फेडता फेडता हंगाम संपतो आणि फिटत मात्र नाही.

एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या भागात गळ्यात माळ घालून किंवा देवीसमोर शपथ घेऊन दारू सोडण्याची प्रथा आहे. त्या संकल्पाचा उपहास करण्याचे कारण नाही. अनेकांना त्याने आधार मिळतो. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर एकदोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दोनतीन दिवसांत भ्रम होऊन माणूस काहीबाही बोलू लागतो, नसलेले दिसू लागते. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. घरचे त्याला देवीचा कोप किंवा करणी समजून मांत्रिकाकडे नेतात. वास्तविक तो रुग्णालयात दाखल करण्याचा प्रसंग असतो. काही दिवसांची योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी हा धोका टळतो. ज्ञानाच्या अभावी माणूस दारू पिऊन मरतो, आणि ज्ञानाच्या अभावी दारू सोडतानाही मरतो.

आता माझ्या विषयाकडे वळतो. दारिद्र्याने मनावर काय परिणाम होतो, हे केवळ अनुमानाने सांगण्याची गरज उरलेली नाही. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची ऊस तोडणीपूर्वी, हात रिकामे असताना, आणि उसाचे पैसे आल्यानंतर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली. माणसे तीच, शिक्षण तेच. पण तोडणीपूर्वीची कामगिरी स्पष्टपणे उणी होती. पैशाची विवंचना बुद्धीची जागा व्यापून बसते, असा त्याचा अर्थ. 'गरीब चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो' असे सांगणाऱ्या पंडितांना उसाच्या फडातून मिळालेले हे उत्तर आहे. दुसरा अभ्यास इंडोनेशियाचा, २०१९ मधील. तेथे गरीब कुटुंबांना थेट रोख साहाय्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. जेथे ती पोहोचली तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले. हातात पैसा येणे हाही मानसिक आरोग्याचा उपाय आहे, हे याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

म्हणजे कर्ज हे शरीराबाहेर राहत नाही. ते झोपेत शिरते, रक्तात शिरते, घोटाघोटाने पोटात शिरते. आजार हा कर्जाला पर्याय नव्हे. अनेकदा तो कर्जाचा शरीरातला पत्ता असतो. 'दारू पीत होता म्हणून अपात्र' असे लिहिणाऱ्या समितीने दारूचा पेला कधी आणि कशाने भरू लागला, हे विचारायला हवे होते.

आणि तो पेला भरला कोणी? आमच्या जिल्ह्याने ऊस आणि साखर कारखाने यांच्या भरवशावर राजकारण उभे केले. उसापासून साखर, साखरेच्या मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून देशी दारू. ज्या कोयत्याने ऊस तोडला त्याच हातात संध्याकाळी त्याच उसाची मळी बाटलीतून परत येते. या परतीच्या प्रवासात शासनाचा वाटा ठरलेला असतो. राज्य उत्पादन शुल्काचे महाराष्ट्राचे वार्षिक उत्पन्न अलीकडच्या वर्षांत २० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळतील असा हिशेब मांडण्यात आला, आणि त्याच निर्णयात 'महाराष्ट्र मेड लिकर' असा धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा नवा वर्गही निर्माण केला गेला. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य सांगते. कर वाढवून दारू महाग करणे हा आरोग्यदृष्ट्या मान्य उपाय आहे. माझा आक्षेप कराला नाही. आक्षेप असा की जो महसूल व्यसनी माणसाच्या खिशातून येतो, त्यातून त्याच्या उपचारासाठी किती जातो, हे कोणी विचारत नाही. दारू पिताना तो सन्माननीय करदाता, मेल्यावर अपात्र!

कायद्याची कथा तर याहून विचित्र आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून देशभर लागू आहे. त्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली तीत दारू व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे व्यसन हा आजाराचा प्रश्न आहे, हे संसदेने मान्य केले. कलम १८ ने शासकीय मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. किमान सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा असेही म्हटले. आणि कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, मानले जाईल; त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी व उपचार शासनाने करायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंडविधानाचे ३०९ वे कलमही इतिहासजमा झाले.

आता या दोन नियमांची सांगड घाला. शेतकरी प्रयत्नातून वाचला, तर कायदा त्याच्यावरील तीव्र ताण गृहीत धरतो. तोच शेतकरी दगावला, तर ताण होता हे त्याच्या विधवेने दाखले गोळा करून सिद्ध करायचे, आणि तो पीत होता असे कोणी सांगितले की सारे फोल! जिवंतासाठी एक न्याय, मृतासाठी दुसरा. २०१७ च्या कायद्यानंतर व्यसन वा मनोविकार हे अपात्रतेचे कारण म्हणून लिहिणे हे त्या कायद्याच्या हेतूशी उघड विसंगत आहे. या मुद्द्यावर जिल्हा समित्यांना जाब विचारला पाहिजे आणि प्रसंगी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले पाहिजे.

हक्क कागदावर आहे. सेवा कोठे आहे? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. महाराष्ट्राची ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १०.६ टक्के प्रौढ त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले, आणि नैराश्य वा दारूचे व्यसन असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना उपचारच मिळत नव्हते. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण धाराशिवची अवस्था याहून बरी असेल असे मानायला आधार नाही. केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकातील मानसिक आरोग्याचा वाटा सुमारे एक टक्का, आणि त्यातलाही मोठा भाग दोनतीन राष्ट्रीय संस्थांनाच जातो.

आमच्या जिल्ह्यात काहीच झाले नाही असे मात्र नाही. २०१५ मध्ये तेव्हाचा उस्मानाबाद आणि यवतमाळ हे दोन जिल्हे निवडून बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच सुमारास मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन ताणाखालील माणसे हेरावीत आणि त्यांना समुपदेशनाकडे न्यावे, अशी त्याची कल्पना. कल्पना उत्तम होती. पण जिच्या खांद्यावर सारा डोलारा, ती आशा शासनाच्या लेखी कर्मचारीच नाही. मोबदल्यावर राबणारी स्वयंसेविका आहे. जिचे स्वतःचे घर महिन्याच्या शेवटी डगमगते, तिने दुसऱ्याचे मन सावरायचे! १९९३ च्या ३० सप्टेंबरला भूकंपाने लातूरबरोबर आमच्या जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला, तेव्हा घरे पुन्हा बांधली गेली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने परंडा-भूमची शेते खरवडून नेली, तेव्हा हेक्टर, जनावरे आणि पडक्या भिंती मोजल्या गेल्या. पंचनाम्यात मनाचा रकाना तेव्हा नव्हता, आजही नाही.

येथे आपल्यातील काही मित्र आक्षेप घेतील. ते म्हणतील, समुपदेशन ही शासनाची फसवणूक आहे. भाव द्यायचा नाही, कर्ज माफ करायचे नाही आणि 'सकारात्मक विचार करा' असे प्रवचन द्यायचे. प्रवचनाविषयी ते म्हणतात ते खरे आहे. भावाऐवजी प्रवचन देणाऱ्याला गावाने परत पाठवावे. परंतु उपचार म्हणजे प्रवचन नव्हे. सिलिकोसिस झालेल्या खाणकामगाराचा लढा खाणीतील धुळीविरुद्ध असतो, म्हणून त्याच्या फुप्फुसांवर उपचार करू नका असे कोणतीही कामगार संघटना म्हणत नाही. धूळही हटवायची आणि छातीही तपासायची. शेतकऱ्याच्या बाबतीतच आपण एकाची निवड का करावी?

शिवाय उपचार गावातल्या माणसांकडून होऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या आणि दारूच्या रुग्णांशी ठरावीक पद्धतीने काही बैठका केल्या. नेहमीच्या उपचारापेक्षा निष्पत्ती चांगली आल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'संगाथ' या संस्थेने 'विश्राम' हा प्रकल्प चालवला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. व्यसनाच्या क्षेत्रात पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून उभे आहे, डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ते सुरू केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' उभारले. अंधश्रद्धेशी आणि व्यसनाशी एकच माणूस लढला हा योगायोग नव्हे; दोहोंच्या मुळाशी शरीराविषयीचे अज्ञान आहे. आमच्याच जिल्ह्यातील अणदूरला खेड्यातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन उभे करण्याचा प्रयोग हॅलो मेडिकल फाउंडेशनने केला आहे. माणसे आहेत, पद्धती आहेत. नाही तो निर्धार.

निर्धाराऐवजी काय दिसते, याचे उदाहरण तुळजापूर. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेफेड्रोनचा साठा पकडला गेला, आरोपींची संख्या तीसच्या पुढे गेली, त्यांत काही पुजाऱ्यांची नावे आली आणि कोणता आरोपी कोणत्या पक्षाचा यावर महिनोन्महिने रण माजले. विक्रेत्यांना कठोर शिक्षा झालीच पाहिजे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण जी पोरे ती पूड ओढत होती त्यांच्या उपचाराविषयी एखाद्या पुढाऱ्याने अवाक्षर काढल्याचे कोणाला आठवते काय? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. थोडे प्रमाण बाळगणारा व्यसनी स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. हे कलम त्या पोरांच्या आईबापांना कोणी सांगितले असते, तर कितीतरी जण पोलीस येण्यापूर्वी दवाखान्यात गेले असते.

आणखी एक वर्ग या पात्र-अपात्रतेच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ६,०८३ शेतमजुरांच्या होत्या आणि ५,२०७ शेतकऱ्यांच्या. मजूर अधिक, पण ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा मृत्यू या योजनेला दिसतच नाही. स्त्रीचे तसेच. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासकीय समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंडाशयेही काढली गेली तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती ओढवते. झोप, हाडे आणि मनःस्थिती यांवर तिचा परिणाम होतो, हे त्यांना कोणी सांगितले होते? र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' चालवून मराठी माणसाला शरीर समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यावर खटले भरले गेले. शरीराचे ज्ञान ही चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बीडचा आकडा पुन्हा वाचावा. ज्याला आपले शरीर कळत नाही त्याचे शरीर दुसऱ्याच्या नफ्याचे साधन होते.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. व्यसन वा मनोविकार या कारणाने एकही प्रकरण अपात्र ठरता कामा नये आणि आजवर ठरलेली प्रकरणे पुन्हा उघडावीत. भूमिहीन मजूर आणि शेतकरी स्त्रिया यांना योजनेत घ्यावे. रक्कम महागाईशी जोडावी. राज्य उत्पादन शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य यांसाठी राखून ठेवावा. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे मनोविकार व व्यसनमुक्तीचा सुसज्ज विभाग, आणि आठही तालुक्यांच्या ठिकाणी नियमित बाह्यरुग्ण सेवा व मोफत औषधे मिळावीत. आशांना वेतन द्यावे. अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी घालावी. श्रीलंकेने ती टप्प्याटप्प्याने घातली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण ७० टक्क्यांनी उतरले आणि पिकांचे उत्पन्न काही बुडाले नाही. क्षणिक निराशेतून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे जगतात, हा त्यातला धडा.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. गावात दारूबंदीचे मतदान घेण्याचा अधिकार स्त्रियांना आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद होते. मात्र बाटली आडवी करताना गावातील रोज पिणाऱ्यांची यादी करून त्यांना आधी दवाखान्यात नेण्याची जबाबदारीही घ्यावी. प्रत्येक शाखेतील दोघांनी नैराश्याची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण घ्यावे. जो माणूस बैठकीला येईनासा झाला, जो उगाच सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलतो, त्याच्याकडे जावे आणि 'जीव नकोसा वाटतो का?' हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, घरातील फवारणीची औषधे दुसरीकडे हलवावीत आणि त्याच्याबरोबर स्वतः डॉक्टरकडे जावे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, तो मराठीतही बोलतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो शाखेच्या फलकावर लिहून ठेवावा.

कर्जमुक्तीची लढाई सोडायची नाही. पण ती जिंकेपर्यंत लढणारा जिवंत राहिला पाहिजे, आणि त्याच्या आजाराची लाज त्याने नव्हे, त्याला अपात्र म्हणणाऱ्या शासनाने बाळगली पाहिजे.